बोळवणीचा डाव

पेटीतून पट काढला की आधी वास येतो. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी तांबड्या कापडाचा, उन्हात वाळलेल्या धान्यासारखा. दरवर्षी पाला बदलायला म्हणून मी तो बाहेर काढते, झटकते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. पसरत नाही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या माझ्या लेकीनं, इंदूनं, मला न विचारता तो जळगावच्या घरातल्या माजघरात अंथरला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि दारातच थांबले.

"केवढा सुंदर आहे गं हा. आणि तू मला कधी खेळू दिला नाहीस," ती म्हणाली. बाहेर ओट्यावर तिचे दीर बसले होते, तिला न्यायला आलेले.

पट सुंदर आहे यात शंका नाही. माझ्या मायच्या आजीनं तो शिवला. चार बाजूंना चार पट्टे, पट्ट्यांवर पांढऱ्या कापडाची घरं, मधेमधे हिरव्या दोऱ्याच्या फुल्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. चारी पट्टे मिळतात तिथं मधलं मोठं घर, तिथं पोचली की सोंगटी पिकली. सोंगट्या लाकडाच्या, खराद्यानं कातून लाखेचा रंग चढवलेल्या. हिरव्यांतली एक बाजूनं झिजली आहे, कारण लहानपणी ती माझ्या धाकट्या भावानं दात येताना चावली होती. आणि कवड्या सात, हातात घेतल्या की उन्हाळ्यातसुद्धा गार लागणाऱ्या.

आमचं गाव अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठाला. गावात सारीपाट दोन जागी चाले. देवळाच्या फरशीवर कुणी कोण जाणे कोरून ठेवलेला एक पट होता, त्यावर पुरुष लांब फासे टाकत आणि मांड्या थोपटत. घरात बायका कवड्यांवर खेळत. म्हातारे सांगत, हा खेळ फौजांबरोबर इकडे आला, दोन लढायांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत शिपाई तंबूत पट अंथरायचे. मायला हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते खेळ बायकांचाच, पुरुषांनी त्यात पैज घुसवली आणि नासवला. आखाजीला तर गावात जुगार माफच असे, आणि पहिल्या फडावर खुद्द पाटील मांडी ठोकून बसे. माय म्हणे, ह्यांना सण कशाचा हेसुद्धा फाशांनी सांगावं लागतं.

सण लेकींचा होता. चैत्र सरता सरता गावोगावच्या लेकी माहेरी येत. निंबाला झोके बांधले जात, आणि दुपारच्या झळा सोसत पोरी गौराईची गाणी म्हणत झोके घेत. पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. खापरावर मोठाल्या पुरणाच्या पोळ्या व्हायच्या, आणि घरभर आमरसाचा आंबटगोड वास आठवडाभर जात नसे. सण संपला की एकेका दारात सासरची गाडी येऊन उभी राही, आणि एकेका निंबाचा झोका मोकळा लोंबकळत राही.

आमच्या घरात लेकीला पाठवण्याआधी एक डाव व्हायचा. बोळवणीचा डाव. हा रिवाज गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, तो मायच्या माहेराहून, नशिराबादेहून आलेला. जाणाऱ्या लेकीच्या चारही सोंगट्या मधल्या घरात पोचल्या म्हणजे तीही सासरी सुखरूप पोचणार. एक जरी सोंगटी पटावर असली तरी तिला उठवायचं नाही. मग न्यायला कुणीही आलेलं असो, त्यानं ओट्यावर बसावं, ताक प्यावं. डाव दिव्यापर्यंत नाही संपला तर पटावर टोपली पालथी घालायची आणि सकाळी तिथूनच पुढे. अर्धा पट गुंडाळायचा नाही. गुंडाळला तर पटावरची सोंगटी घर शोधत हिंडते, असं माय सांगे. लहानपणी मी टोपलीला कान लावून ऐकत असे. आतून काही ऐकू येत नसे, पण मी हातही लावत नसे.

एरवी हा डाव म्हणजे हसणंखिदळणं. तासा-दोन तासांत संपायचा. त्या वर्षी तसं झालं नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिला तापीपलीकडे, चोपड्याच्या बाजूच्या एका गावात दिलेलं. त्या आखाजीला ती आली तेव्हा तिच्या हातावरचं गोंदण नवं, अजून हिरवंगार होतं, आणि ती मला त्याचे ठिपके मोजायला द्यायची. त्या वर्षी ऊन काही वेगळंच होतं. नदीत डबकी तेवढी उरलेली. दुपारी कावळे चोच उघडी टाकून विहिरीच्या काठावर बसत. गौराई बोळवायला पोरी नदीवर गेल्या, तर पलीकडच्या काठावर दरवर्षी रिवाजाच्या शिव्या द्यायला येणाऱ्या पलीकडच्या गावच्या पोरी आल्याच नव्हत्या. आम्ही आमच्या ठरलेल्या शिव्या रिकाम्या काठाला देऊन परत आलो. हसायला कुणाला आलं नाही.

त्याच दिवशी अक्काला न्यायला गाडी आली. गाडीत तिच्या सासऱ्यांची विधवा बहीण होती. तिला सगळे फुई म्हणत. न्यायला पुरुष माणूस का आला नाही, हे तिनं सांगितलं नाही. पाय धुतले, ओट्यावर बसली आणि निंबाकडे बघत राहिली. सांगितलं ते गाडीवाल्या सुकदेवनं, बैलांना पाणी दाखवताना, विहिरीवर मायला.

"आमना गावमा मरी घुशी गई शे, माय. रोज कोनी ना कोनी जाई ऱ्हायनं."

मरी म्हणजे पटकी. दोरखंड हातात धरून माय तशीच उभी राहिली, आणि बादली विहिरीत अर्ध्यावर लटकत होती. मी तिच्या लुगड्याचा पदर धरून होते. मग तिनं बादली वर ओढली, बैलांसमोर ठेवली आणि घरात आबांकडे गेली.

आबा म्हणजे माझे वडील. चांगला माणूस. शब्दाला जागणारा म्हणून पंचक्रोशीत नाव. मायनं सांगितलेलं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"व्याहीनी बहीण दारमा येल शे. तिले नही कसं म्हनू? सासूले बी बरं नही म्हनतस. अश्या येळे पोर नही धाडी, ते लोक काय म्हनतीन?"

मायनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग बोळवणना डाव व्हऊ द्या. तेवढं ते कराच लागी."

आबांनी मान हलवली. रिवाजाला ते कधी नाही म्हणत नसत. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. मायनं माजघर सारवलं, पट अंथरला आणि फुईला आत बोलावलं. समोरासमोर बसणाऱ्या दोघी जोडीदार असतात. माय आणि अक्का एका बाजूच्या, फुई आणि मी दुसऱ्या. चौथी कुणी नव्हती म्हणून मला घेतलं होतं, पण कवड्या मला चांगल्या टाकता येत होत्या. मायनंच शिकवलं होतं.

मला अक्काला हरवायचं होतं. म्हणजे तिची सोंगटी पुढे निघाली की गाठून मारायची, की ती परत पहिल्यापासून चालायला लागेल. जिंकायला म्हणून कुणाला मारावं, ते सगळेच करतात. मी ठेवून घ्यायला म्हणून मारत होते. पहिल्यांदा मारली तेव्हा मी ओरडले, "मेली!" खेळात असंच म्हणतात.

माय एकदम म्हणाली, "मेली नको म्हनू वं. परतनी म्हन."

त्यानंतर मी परतनी म्हणत गेले. अक्का हसायची. "मार वं, आखो मार," म्हणायची, आणि मुद्दाम सोंगटी माझ्या पुढ्यात आणून ठेवायची. मोठं दान पडलं की ती ते सोडून द्यायची. दान सोडायला खेळात मुभा असते. बाहेर सुकदेव गाडीखाली सावलीला झोपला. बैल रवंथ करत होते. आबा दर थोड्या वेळानं ओट्यावरून आत डोकावत, पटाकडे बघत आणि पुन्हा जाऊन बसत. संध्याकाळ झाली तसं फुईच म्हणाली, "आते सांज व्हई गई. सकाय निंघू." मायनं पटावर टोपली पालथी घातली.

सकाळी पुन्हा बसलो. दुपारचं जेवण पटाशेजारीच झालं. आदल्या दिवशी हसणारी अक्का त्या दिवशी गप्प होती. कवड्यांचा आवाज सारवलेल्या जमिनीवर बोदा येतो, आणि घरात दुसरा आवाज नव्हता. शेजारच्या बायका एरवी डाव बघायला गर्दी करत, त्या दारातून बघून जात होत्या. त्यांनाही कळलं होतं. गावात अशा गोष्टी विहिरीवरच कळतात.

किती वेळ असं रेटता येणार? खेळ खेळासारखा दिसायला हवा, नाहीतर फुईचा अपमान. म्हणून मायनं स्वतःच्या सोंगट्या पिकवल्या. माझ्याही दोन पिकल्या. अक्काच्या एकेक करत तीन गेल्या. शेवटची, तिची पिवळी, एका फुलीवर येऊन बसली. त्या फुलीपासून मधलं घर बरोबर पंचवीस घरं. फुलीवर तिला मारायची सोय नाही. म्हणून आता सगळं अक्कावर आणि मायवर होतं. बारीकसारीक दानं पडली तरी दोघी सोडत होत्या. पंचवीस पडलं तरी सोडायचं, हे न बोलता ठरलेलं.

आमच्या घरच्या नियमानं, ज्याच्या सोंगट्या पिकल्या त्यानं आपलं दान जोडीदाराच्या सोंगटीवर चालवायचं. मायची पाळी आली. तिनं कवड्या दोन्ही हातांत घेतल्या, खुळखुळवल्या आणि टाकल्या. पाच उताण्या, दोन पालथ्या.

पंचविसाच्या फुलीवर बसलेल्या सोंगटीला नेमकं पंचवीस पडणं हे सारीपाट खेळणाऱ्या माणसाच्या नशिबी वर्षातून एखाद्या वेळी येतं. माय चार-पाच वर्षांची असल्यापासून पटावर बसलेली. हे दान पडलं की तिचे डोळे चमकायचे, आणि हात डोक्याची वाट बघत नसे.

"पंचवीस! पिकनी," ती म्हणाली, आणि पिवळी सोंगटी उचलून मधल्या घरात ठेवली.

ठेवल्यावर तिला कळलं. तिचा हात सोंगटीवरच राहिला. वर बघायची तिची हिंमत झाली नाही. मी अक्काकडे बघितलं. ती पटाकडे बघत होती. मग तिनंच मायचा हात हळूच बाजूला केला आणि नेहमीसारख्या कवड्या गोळा करायला लागली. दारातल्या एका बाईनं, तिला डावातलं काय ठाऊक, आनंदानं म्हटलं की पंचवीसनं पिकली, फार चांगला शकुन झाला. आबांनी बाहेरून ते ऐकलं आणि सुकदेवला गाडी जुंपायला सांगितलं.

ऊन उतरताना गाडी निघाली. अक्कानं माझ्या हातात तिच्या झोक्याची दोरी दिली, पुढच्या आखाजीला ठेव म्हणून. फुई शेवटी चढली. चढण्याआधी ती मायजवळ गेली. ती कडक बाई, डोळ्यांत पाणी तिच्या गावी नव्हतं. पण तिनं मायचा हात धरला.

"मन्हा बी हातमा दान येत व्हतं वं. मी सोडी दिन्हं."

म्हणजे तीही लांबवत होती. दोन दिवस समोर बसून, माझी जोडीदार होऊन, आपल्या सोंगट्या मागेच ठेवून, तीही डाव संपू देत नव्हती, आणि आम्हाला कुणाला ते कळलं नव्हतं. मायनं ते ऐकलं आणि ती ओट्याच्या पायरीवर खाली बसली. गाडी नदीच्या उतारावर गेली. चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग धूळ तेवढी दिसत होती.

पहिला पाऊस पडायच्या आधी सुकदेव आला. एकटा, गाडी न आणता, पायी. अंगणात उभा राहिला आणि डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. आबा उठून उभे राहिले. माय उठली. आत गेली, पट पेटीत ठेवला आणि त्यावर निंबाचा पाला घातला. अक्का सासूची उस्तवार करता करता गेली, असं सुकदेव आबांना सांगत होता. त्याचा आवाज मला माजघरात ऐकू येत होता. गेलेल्यांत त्यानं फुईचंही नाव घेतलं.

त्या दिवसानंतर मायनं कवडी हातात धरली नाही. मी तिला दोष दिला नाही, कुणीच दिला नाही. तिनं स्वतःला दिला, मरेपर्यंत. चुलीपुढे बसलेली असली की कधीकधी तिचा उजवा हात आपोआप उघडायचा आणि मिटायचा. आम्ही बघून न बघितल्यासारखं करत असू. झोक्याची दोरी माझ्याकडे कितीतरी वर्षं होती. तिला उन्हाचा वास होता. पुढे उंदरांनी कुरतडली.

आबा फार म्हातारे झाल्यावर एकदा, काही निमित्त नसताना, मला म्हणाले, "मी त्या दिन नही म्हनी देतू ते?" त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर, असं ते विचारत होते. त्यांच्यावर माझा राग होता, अजून आहे, आणि तो नुसता त्यांच्यावर नाही. मायवर आहे, फुईवर आहे, दारात उभ्या राहिलेल्या त्या बायकांवर आहे. घरात एवढी शहाणीसुरती माणसं, सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट, आणि ती तोंडानं बोलायची सोडून सगळ्यांनी ती सात कवड्यांवर घातली. कवड्यांना काय, त्या पडायच्या तशा पडल्या.

इंदूनं सोंगट्या मांडायला घेतल्या. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या, काळ्या. तिचा नवरा रेल्वेत आहे, पंजाबात. लग्न झालं तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक वाटलं होतं, एवढ्या लांबचा मुलूख, गव्हाच्या पोळ्या, सरकारी घर. आता फाळणी होणार म्हणतात, तिकडे दंगली पेटल्यात, आणि तिकडून येणाऱ्या गाड्यांमधली माणसं भुसावळच्या फलाटावर उतरतात तेव्हा कुणाशी बोलत नाहीत, असं स्टेशनावर कामाला असणारे शेजारी सांगतात. वर्तमानपत्र आमचे यजमान हल्ली वाचून झालं की उशीखाली घालून ठेवतात. जावयांचं म्हणणं, सगळं शांत होईल, घर रिकामं ठेवणं बरं नव्हे, इंदूला पाठवा. म्हणून त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव भुसावळहून न्यायला आलेले. ते पंजाबपर्यंत सोबत जाणार. उद्या सकाळची गाडी.

सकाळी पाणी भरताना इंदू मला म्हणाली होती, "भीती वाटते गं. पण मी कसं नाही म्हणू? तिथं ते एकटे आहेत." आणि यजमान म्हणाले होते, "न्यायला माणूस आलंय, आता काय बोलणार?" मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि काहीच बोलले नाही. तेही मला ऐकू आलं, माझं न बोलणं.

"एक डाव होऊ दे ना, आई," इंदू म्हणाली. "तुझ्या माहेरी लेकी निघायच्या आधी खेळायच्या ना? मावशीच्या वेळी खेळला होतात, तूच म्हणाली होतीस."

एवढंच मी तिला सांगितलं होतं. पुढचं कधी सांगितलं नव्हतं. ती सात कवड्या हातात घेऊन माझी वाट बघत बसली होती. दुपार होती. तसंच ऊन, तशाच झळा, आणि गल्लीत एक माणूस नाही.

मी पटाला वळसा घालून बाहेर ओट्यावर गेले. वसंतराव पान लावत होते. भला मुलगा आहे, मला मामी म्हणतो.

"वसंतराव," मी म्हटलं, "इंदू येणार नाही."

त्यांना वाटलं मी उद्याचं म्हणतेय. "मग परवाच्या गाडीनं जाऊ, मामी."

"परवाही नाही. मी तिला पाठवत नाही. जावयांना कळवा, रजा काढून इथंच या म्हणावं. रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून या."

आतल्या खोलीत यजमानांच्या आरामखुर्चीचा आवाज झाला. ते उठून दारात आले आणि तिथंच उभे राहिले. वसंतराव एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"दादाला काय सांगू? लोक काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा. जे म्हणतील ते मी ऐकेन."

वसंतरावांच्या हातात पान तसंच राहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसल्या जागी मागे भिंतीला टेकले. हे बरोबर केलं का, मला माहीत नाही. पोरीचं मन तिकडे आहे, आणि तिकडे तो एकटा आहे. त्याचं काय होईल, हा विचार काही जात नाही. उद्या ती मला बोल लावील, कदाचित जन्मभर लावील. लावू दे. बोल लावायला ती असेल.

आतून कवड्या पडल्याचा बोदा आवाज आला. कंटाळून तिनं एकटीनंच टाकल्या असाव्यात.

"आई," इंदू हसत म्हणाली, "बघ तर, पाच उताण्या. म्हणजे पंचवीस ना? कोणती चालवू?"

"कोणतीच नको," मी ओट्यावरूनच सांगितलं. "राहू दे तिथंच."